ओळखीची चोरी आणि ऑनलाइन फसवणूक : शेवटचे पाऊल कोण उचलते?

प्रस्तावना

महाविद्यालयात प्रवेश घेतल्यापासून तुम्ही स्वतःची माहिती किती ठिकाणी दिली, ते एकदा आठवून पाहा. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचे पोर्टल, वसतिगृहाची नोंदवही, बँक खाते, मोबाइलचे सिम, इंटर्नशिपचे अर्ज, झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर तशीच राहिलेली आधारची पीडीएफ. यांपैकी प्रत्येक ठिकाण कायम सुरक्षित राहील, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. त्यामुळे ‘माझी माहिती कोणालाच मिळू नये’ एवढेच उद्दिष्ट पुरेसे नाही. माहिती दुसऱ्याच्या हाती पडली, तरी तिच्या आधारे माझ्या नावाने व्यवहार होऊ नये, यासाठी काय करता येईल, हा खरा प्रश्न आहे.

या पाठात आपण ओळखीची चोरी म्हणजे काय, फसवणुकीची रचना कशी असते, विद्यार्थ्यांना तिचा सामना कोणत्या रूपांत करावा लागतो, आधी कोणती तयारी करावी आणि फसवणूक झाल्यावर पहिल्या तासात काय करावे, हे पाहणार आहोत. पाठाचे मुख्य सूत्र एका वाक्यात असे : बहुतेक फसवणुकींत शेवटचे पाऊल पीडित व्यक्तीकडूनच उचलून घेतले जाते. ते पाऊल वेळीच ओळखता आले, तर आधीची सगळी लबाडी फुकट जाते.

१. दारावरची पाटी आणि दाराची किल्ली

तुमच्याविषयीच्या माहितीचे दोन प्रकार करता येतात. पहिला प्रकार तुम्ही कोण आहात हे सांगतो : नाव, जन्मतारीख, पत्ता, मोबाइल क्रमांक, आधार क्रमांक, पॅन, महाविद्यालयाचे नाव. ही दारावरची पाटी आहे. दुसरा प्रकार तुमच्या वतीने परवानगी देतो : ओटीपी, यूपीआय पिन, कार्डामागचा तीन अंकी सीव्हीव्ही, पासवर्ड, बोटांचे ठसे. ही दाराची किल्ली आहे.

हा फरक लक्षात आला की एक नेहमीचा गैरसमज दूर होतो. फोन करणारा तुमचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि आधारचे शेवटचे चार अंक बिनचूक सांगतो, तेव्हा तो खरोखरच बँकेतून बोलत असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्याने फक्त पाटी वाचून दाखवलेली असते. पाटी अनेकांना वाचता येते. ती वाचता येणे हा विश्वासाचा पुरावा होऊ शकत नाही.

दोन गोष्टींबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. पहिली म्हणजे तुमचा मोबाइल क्रमांक. तो तसा पाटीचा भाग आहे. पण तो ज्या सिमवर चालतो, ते सिम हा किल्ल्यांचा जुडगा आहे. बँकेचा ओटीपी, ईमेलचा पासवर्ड बदलण्याचा संकेत, आधारची पडताळणी हे सर्व त्याच सिमवर येते. दुसरी गोष्ट म्हणजे बोटांचे ठसे. पिन बदलता येतो, ठसा बदलता येत नाही. आधारवर आधारित पैसे काढण्याच्या सेवेत आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि ठसा पुरतो. ओटीपी लागत नाही. मालमत्तेच्या नोंदणीकृत दस्तऐवजांवरील ठशांवरून सिलिकॉनचे नकली ठसे बनवून खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणे देशातील अनेक राज्यांत उघडकीस आली आहेत.

२. फसवणुकीची रचना

कथानक बदलते, पण रचना सहसा चार पायऱ्यांची असते.

पहिली पायरी माहिती गोळा करण्याची. दुसरी भावना जागी करण्याची. ही भावना भीती असू शकते (‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत’), लोभ असू शकतो (‘घरबसल्या कमाई’) किंवा चांगुलपणाही असू शकतो (‘चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, माझी आई दवाखान्यात आहे’). तिसरी पायरी घाई आणि एकांत यांची. ‘दहा मिनिटांत केले नाही तर खाते बंद होईल’, ‘कोणाला सांगितलेत तर तपासात अडथळा आणल्याचा गुन्हा लागेल’ ही वाक्ये याच पायरीवर येतात. चौथी पायरी म्हणजे शेवटचे पाऊल : पिन टाकणे, ओटीपी सांगणे, ॲप बसवणे, ‘अनुमती द्या’ हे बटण दाबणे, एखादा क्रमांक डायल करणे.

तिसऱ्या पायरीचा हेतू नीट समजून घ्या. विचार करायला अर्धा तास मिळाला किंवा शेजारच्या खोलीतील मित्राला विचारले, तर बहुतेक बनाव उघडे पडतात. म्हणून ठगाला तुमचा वेळ आणि तुमची माणसे, दोन्ही तोडायची असतात. जो व्यवहार अर्धा तासही थांबू शकत नाही आणि कोणालाही सांगता येत नाही, तो याच कारणासाठी संशयास्पद समजावा.

३. विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणारे प्रकार

(अ) पैसे घेण्यासाठी पिन. तुम्ही जुनी सायकल विकायला काढता. खरेदीदार भाव न करताच तयार होतो, आपण सैन्यात असून बदली झाल्याचे सांगतो आणि ‘पैसे मिळवण्यासाठी’ क्यूआर कोड पाठवतो. नियम सोपा आहे : यूपीआयमध्ये पैसे मिळवण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही आणि समोरच्याचा कोड स्कॅनही करावा लागत नाही. अनोळखी व्यक्तीने पाठवलेली ‘पैसे मागणी’ची विनंती हा याच फसवणुकीचा जुना मार्ग होता, व्यक्तीकडून व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. क्यूआर कोडचा मार्ग मात्र खुलाच आहे.

(आ) कामाचे आमिष. टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर हॉटेलांना ‘रेटिंग’ देण्याचे काम मिळते. पहिल्या दिवशी शे-दोनशे रुपये खरोखर जमा होतात. ही ठगाची गुंतवणूक असते. तेवढ्यात तुमचा विश्वास विकत घेतला जातो. नंतर ‘आधी पैसे भरा, मग जास्त परतावा’ असे टप्पे सुरू होतात. पडद्यावर नफा वाढताना दिसतो, पण तो काढायला गेले की ‘कर’ किंवा ‘अनामत’ मागितली जाते. काम देणारा पगार देतो. जो कामासाठी पैसे मागतो, तो काम देणारा नव्हे.

(इ) एपीके फाइल. लग्नपत्रिका, वाहतुकीचे चलान, परीक्षेचा निकाल किंवा बँकेचे केवायसी अशा नावाने फाइल येते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल, तर ती पत्रिका नाही, ते ॲप आहे. बसवल्यावर ते एसएमएस वाचण्याची अनुमती मागते. ती दिली की ओटीपी तुम्ही तोंडाने सांगण्याची गरजच राहत नाही. ‘मी कोणालाही ओटीपी सांगितला नव्हता’ असे म्हणणाऱ्या अनेकांच्या बाबतीत हेच घडलेले असते. तसेच फाइल ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरून आली म्हणून निर्धोक ठरत नाही. आधी त्याचाच फोन ताब्यात घेतलेला असू शकतो.

(ई) सिमवर ताबा. तुमच्या नावाने दुसरे सिम किंवा ई-सिम घेतले जाते आणि तुमच्या फोनचे नेटवर्क अचानक जाते. कधी पार्सलवाला असल्याचे भासवून तारका आणि आकड्यांचा क्रमांक डायल करायला सांगतात. त्यामुळे तुमचे कॉल दुसऱ्याच्या फोनवर वळतात. आजूबाजूच्या सगळ्यांचे नेटवर्क चालू असताना तुमचेच गेले, तर ‘येईल थोड्या वेळाने’ म्हणून वाट पाहू नका. नवे सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएसची सेवा बंद ठेवण्याचा नियम आहे. तेवढा वेळ तुमच्या हातात असतो. लगेच दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला आणि बँकेला कळवा.

(उ) ‘डिजिटल अरेस्ट’. व्हिडिओ कॉलवर गणवेशातील माणूस दिसतो, मागे पोलीस ठाण्यासारखी खोली असते, बनावट वॉरंट दाखवले जाते आणि कॅमेऱ्यासमोरून हलू नका असे सांगितले जाते. २०२४ मध्ये पंजाबमधील एका ज्येष्ठ उद्योगपतींना अशाच प्रकारे सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी दाखवून सुमारे सात कोटी रुपये उकळण्यात आले. म्हणजे हा सापळा अशिक्षितांसाठीच असतो, असे मुळीच नाही. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही तरतूद नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्येही हे स्पष्ट केले. पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवरून बजावणे ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. कोणतीही तपास यंत्रणा ‘पडताळणीसाठी’ तुमचे पैसे दुसऱ्या खात्यात मागत नाही.

पाचही प्रकारांत संपर्काची सुरुवात समोरच्याने केली, हे तुमच्या लक्षात आले असेल. (सायकलची जाहिरात तुमची होती, पण कोड त्याने पाठवला.) म्हणून उपायही एकच : संपर्क तोडा आणि गरज वाटल्यास स्वतः नव्याने सुरू करा. बँकेचा क्रमांक कार्डामागे किंवा पासबुकावर पाहा. फोन करणाऱ्याने दिलेल्या किंवा इंटरनेटवर सर्वांत वर दिसलेल्या क्रमांकावर विसंबू नका. बनावट ‘ग्राहक सेवा’ क्रमांक शोधयंत्रांवर पेरलेले असतात. संकेतस्थळाबाबतही एक खूण उपयोगी पडते : भारतीय बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ हा स्वतंत्र पत्ता ठरवून दिला आहे.

४. भाड्याने दिलेले खाते

ओळखीच्या चोरीचा एक प्रकार असा आहे की ज्यात विद्यार्थी आपली ओळख स्वतःच भाड्याने देतो. त्याचे परिणाम पैसे गमावण्यापेक्षाही गंभीर असू शकतात.

प्रस्ताव साधा वाटतो. ओळखीचा मुलगा म्हणतो, ‘तुझे खाते रिकामेच आहे. एटीएम कार्ड, पासबुक आणि खात्याला जोडलेले सिम दे. महिन्याला काही हजार मिळतील.’ कारण म्हणून गेमिंगची कमाई, क्रिप्टोचा व्यवहार किंवा कर वाचवणे असे काहीही सांगितले जाते. फसवणुकीचा पैसा ठग स्वतःच्या खात्यात घेत नाहीत. तो अशा अनेक खात्यांतून भराभर फिरवला जातो आणि शेवटी रोख किंवा क्रिप्टोच्या रूपात बाहेर काढला जातो. या खात्यांना ‘म्यूल अकाउंट’, म्हणजे भाडोत्री खाते, म्हणतात.

आता पोलिसांच्या बाजूने पाहा. समजा, कोचीतील एका निवृत्त शिक्षिकेची बचत गेली. तपासात पैशाचा माग काढला, तर पहिले नाव सापडते ते इंदूरमध्ये शिकणाऱ्या खातेदाराचे. केवायसी त्याची, पॅन त्याचे, फोटो त्याचा. खाते गोठते, दुसऱ्या राज्यातील पोलिसांची नोटीस येते आणि ‘मला माहीत नव्हते’ हे सांगत त्याला त्या राज्यात खेटे घालावे लागतात. भाडे घेतल्याची नोंद असेल, तर ते सांगणे आणखी अवघड होते. खरा सूत्रधार दूर राहतो. कागदावर मात्र विद्यार्थी असतो. अशी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ नावाची कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणाली तयार केली आहे, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य कळते.

म्हणून तीन गोष्टी पाळा. खाते, कार्ड किंवा सिम कोणालाही वापरायला देऊ नका, जिवलग मित्रालाही नाही. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर सिम घेऊ नका. अनोळखी रक्कम खात्यात आली, तर ती स्वतः दुसऱ्या खात्यात पाठवू नका. बँकेला लेखी कळवा आणि बँकेमार्फतच परत जाऊ द्या.

५. आधीच करून ठेवायची कामे

पुढील कामे एका रविवारी दोन-तीन तासांत उरकता येतात.

• आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करा. ही सोय यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर मोफत आहे. ठसा देण्याची वेळ आली की तेवढ्यापुरते उघडता येते.
• जिथे पूर्ण आधार क्रमांक देणे सक्तीचे नाही, तिथे ‘मास्क्ड आधार’ द्या. त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात. छायाप्रत देताना तिच्यावर कारण आणि तारीख लिहा.
• दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक आहेत, ते पाहा. अनोळखी क्रमांक दिसल्यास तिथेच कळवा. हरवलेला फोन बंद करण्याची सोयही याच पोर्टलवर आहे.
• ईमेलचा पासवर्ड इतर सर्व पासवर्डांपेक्षा वेगळा आणि लांब ठेवा. बाकीचे बहुतेक पासवर्ड ईमेलमधूनच बदलता येतात. ईमेल आणि व्हॉट्सॲपवर दुहेरी पडताळणी सुरू करा.
• शिष्यवृत्ती किंवा घरून येणारे पैसे एका खात्यात ठेवा आणि रोजच्या यूपीआयसाठी दुसरे, कमी शिल्लक असलेले खाते वापरा. कार्डावरील ऑनलाइन आणि परदेशी व्यवहारांची मर्यादा बँकेच्या ॲपमधून कमी करा.
• वर्षातून एकदा आपला पत अहवाल पाहा. भारतातील चारही पतमाहिती कंपन्यांकडून प्रत्येकी एक पूर्ण अहवाल दरवर्षी मोफत मिळतो. तुम्ही कधीच न घेतलेले कर्ज तुमच्या नावावर असेल, तर ते इथेच कळते.

६. फसवणूक झाल्यास पहिल्या तासात

पैसे गेल्यावर ते काही काळ एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जात असतात. ते बँकिंग व्यवस्थेबाहेर पडण्याआधी गोठवले, तर परत मिळण्याची शक्यता राहते. म्हणून क्रम लक्षात ठेवा.

१) लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. ही हेल्पलाइन पोलीस आणि बँका यांना जोडणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे. तक्रार नोंदली की रक्कम ज्या बँकेत गेली, तिला ती रोखण्याची सूचना जाते. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक जवळ ठेवा.
२) बँकेला कळवून कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.
३) ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या पोर्टलवर सविस्तर तक्रार भरा. स्क्रीनशॉट, क्रमांक, संभाषण जपून ठेवा. रागाच्या भरात काही पुसून टाकू नका.
४) गुन्हा नोंदवायचा असेल, तर हद्दीचा प्रश्न आड येत नाही. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. घर एका राज्यात आणि वसतिगृह दुसऱ्या राज्यात असलेल्यांना ही तरतूद विशेष उपयोगी आहे.

नुकसान कोणी सोसायचे, याचे नियम रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिले. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, असा अनधिकृत व्यवहार बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. चार ते सात दिवसांत कळवल्यास ती मर्यादित असते. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. पण कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे चूक तुमची असली, तरी लवकर कळवण्यात तुमचाच फायदा आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते.

यानंतर एका दुसऱ्या सापळ्यापासून सावध राहा. ‘गेलेले पैसे मिळवून देतो, आधी शुल्क भरा’ असे म्हणणारे ‘वकील’ किंवा ‘अधिकारी’ समाजमाध्यमांवर पीडितांनाच शोधत असतात. १९३० किंवा सरकारी पोर्टल तक्रारीसाठी शुल्क घेत नाही.

७. कायदा काय सांगतो?

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६सी नुसार दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी, पासवर्ड किंवा ओळखीचे अन्य वैशिष्ट्य अप्रामाणिकपणे वापरणे हा गुन्हा आहे. कलम ६६डी संगणक किंवा मोबाइल वापरून तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीविषयी आहे. दोन्ही गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याशिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३१८ (फसवणूक) आणि ३१९ (तोतयेगिरी करून फसवणूक) लागू होऊ शकतात.

सारांश

तुमची पाटी अनेकांना माहीत आहे. किल्ली मात्र अजून तुमच्याकडे आहे. कोणताही फोन, संदेश किंवा प्रस्ताव आला की तीन प्रश्न विचारा : संपर्क कोणी सुरू केला? मला नेमके कोणते पाऊल उचलायला सांगितले जात आहे? मी अर्धा तास थांबून कोणाला विचारले, तर काय बिघडेल?

आणि तरीही फसवणूक झालीच, तर लाज बाळगून गप्प बसू नका. ठग हा या कामाचा पोटार्थी असतो. तो दिवसभर तेच करतो. तुम्ही गप्प राहिलेला प्रत्येक तास त्याला पैसे पुढे सरकवायला मिळतो. घरच्यांना सांगा, खोलीतल्या मित्राला सांगा, १९३० ला सांगा. तुमच्या सांगण्याने पुढचा माणूसही सावध होतो.

स्वाध्याय

१) पुढील बाबींचे ‘पाटी’ आणि ‘किल्ली’ असे वर्गीकरण करा व कारणे द्या : पॅन, सीव्हीव्ही, ईमेल पत्ता, ईमेलचा पासवर्ड, बोटाचा ठसा.
२) तुमच्या किंवा घरच्यांच्या फोनवर आलेला एखादा संशयास्पद संदेश निवडा आणि त्यात फसवणुकीच्या चार पायऱ्या कुठे दिसतात, ते दाखवा.
३) ‘मी फक्त खाते दिले, फसवणूक केली नाही.’ या युक्तिवादाची चर्चा करा.
४) घरातील ज्येष्ठ व्यक्तीला ‘डिजिटल अरेस्ट’ची माहिती देण्यासाठी, ती घाबरणार नाही अशा भाषेत, दहा ओळींची सूचना लिहा आणि ती प्रत्यक्ष वाचून दाखवा.